अधिकाचं ताट

"अनारसा असा जाळीचा पडायला हवा," मुकुंद म्हणाला आणि चौथा उचलला. "अमेरिकेत हे सुख नाही बघा, दिगंबरराव. तिथं सगळं मिळतं, पण डब्यातलं."

माझा नवरा इस्लामपूरला माझ्या चुलतभावाच्या माजघरात पाटावर बसला होता. पुढ्यात कोरं चांदीचं ताट, ताटात तेहतीस अनारसे, मधोमध तुपाचा दिवा. अधिक महिना चालू होता. आमच्या भागात त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीनेक वर्षांनी एकदा येतो, जावयांचे लाड करून जातो. सासरवाडीनं बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. जावई म्हणजे त्या महिन्यापुरता देवच.

दिगूदादा वाढत होता खरा, पण त्याचा जबडा आवळलेला होता. आदल्या दिवशी मी त्याला ताट आणून दिलं तेव्हा तो माझ्यावर ओरडलाच होता.

"त्या माणसाला वाण? वैजू, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? काकू गेली तेव्हा तो आला नाही. फोनवर दोन शब्द बोलला नाही. आणि मी त्याचे पाय धुवू?"

"धू दादा. एवढं एकदा धू."

"का पण?"

"धोंड्याचा महिना आहे म्हणून."

माझी सासूही नको म्हणत होती. मामंजींना जाऊन वर्ष झालं नव्हतं, त्यात गोडधोडाला कुठं जायचं? पण मुकुंदला चांदीच्या ताटाचा वास लागला होता. "सण कुठाय हा? दान आहे दान," असं म्हणत तो मिरजेहून गाडी करून आला. मीही तीन आठवड्यांची रजा काढून न्यू जर्सीहून आले होते. तीनच आठवडे. त्याहून एक दिवस जास्त मी भारतात राहणार नव्हते. का, ते सांगते.

"मग परत कधी जायचा विचार, मुकुंदराव?" दादानं विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"बाबांचं वर्ष सरलं की दुसऱ्या दिवशी," मुकुंद म्हणाला. "सगळं बसवलंय मी."

"नोकरी?"

"नोकरीतनं रजा घेतलीय. प्रश्न नोकरीचा नाही हो, ग्रीन कार्डाचा आहे." मग त्यानं हात पुसले, कारण समजावून सांगायला त्याला दोन्ही हात लागत. "कार्ड मिळालं म्हणजे तुम्ही तिथले झालात असं नाही. पाच वर्षं तिथं सलग राहून दाखवायचं. मग नागरिकत्व. माझी पाच भरत आलीत. मधे बाहेर गेलात तर चालतं. सहा महिन्यांच्या वर गेलात तर भुवया वर करतात, कुठं होता, का होता. तेव्हा दाखवायचं, बाबांनो, माझं घर इथं, बायको इथं, कर इथं भरतो. वकील सांभाळून घेतात. पण एक वर्ष! वर्ष ओलांडलं की कुणाचा बाप वाचवू शकत नाही. सलगपणा तुटला. पाटी कोरी. वर तुमच्या त्या कार्डावर विमानातसुद्धा बसू देत नाहीत."

"बाहेर जास्त दिवस राहायचा काहीतरी परवाना असतो ना पण? वैजूनं काढला होता."

"तो तिथं असताना काढायचा असतो. बाबा गेल्याचा फोन आला आणि मी त्याच दिवशी निघालो. कुठनं काढणार?"

"आणि इकडं वर्षश्राद्ध झाल्याशिवाय तुम्हाला हलता येत नाही."

"तेच तर!" मुकुंद पुढं झुकला. ही त्याची आवडती जागा होती. मिरजेत चार जणांना त्यानं हे सांगितलेलं मी ऐकलं होतं.

टाकळीकरांच्या, म्हणजे मुकुंदच्या घराण्याच्या, मूळ गावी नृसिंहाचं देऊळ आहे. पालखीचा पुढचा खांदा आणि मानाचा फेटा थोरल्या घराचा. पण बाप गेला की मुलानं वर्षभर दर महिन्याचं मासिक श्राद्ध स्वतःच्या हातानं करायचं, शेवटी वर्षश्राद्ध करायचं, तेव्हा फेटा त्याच्या डोक्यावर. एक चुकलं की मान धाकट्या घराकडं. धाकट्या घरातला विनायक, मुकुंदचा चुलतभाऊ, दर मासिकाला न बोलावता येऊन ओसरीवर बसायचा. श्राद्धाचं जेवायला नव्हे, मोजायला.

मुकुंदला फेटाही हवा होता आणि अमेरिकेचा पासपोर्टही. एक सोडून दुसरं घ्यावं हे त्याच्या रक्तातच नव्हतं.

"तारखेनं वर्ष धरलं तर माझी पंचाईत," तो सांगू लागला. "पण श्राद्ध तारखेनं नसतं, तिथीनं असतं. आणि तिथी दर वर्षी तारखेच्या आधी येते. दहा-अकरा दिवस. माझ्या आजोबांची पुण्यतिथी बघा, पुढच्या वर्षी आधीच येते का नाही? म्हणजे देवाचं वर्ष सरकारच्या वर्षाआधी संपतं! श्राद्ध करायचं, फेटा बांधायचा, उठायचं आणि विमानात बसायचं. वर्ष भरायच्या आत मी घरी. तिकीटसुद्धा काढून ठेवलंय."

पद्मावहिनी तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्या थबकल्या. "पण मुकुंदराव, यंदा तर..."

"वहिनी," मी म्हटलं, "तूप वाढा त्यांना. धोंडा कोरडा पडलाय."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मीही त्यांच्याकडं पाहिलं. मग त्या वाकल्या आणि त्यांनी धार धरली. मुकुंद "पुरे, पुरे" म्हणाला नाही.

स्वयंपाकघरात वहिनींनी माझा दंड धरला. "वन्सं, ते एवढे शिकलेले. त्यांच्या ध्यानात आलं नाही का?"

"काय?"

"आता माझ्याशी तरी नाटक करू नका. बोलू का मी त्यांना?"

"वहिनी, माझ्या आईच्या अंगावर शेवटचं लुगडं तुम्ही घातलंत. मी तुम्हाला काही सांगावं अशी माझी पायरी नाही. पण तुम्ही बोललात तर मी या घरात परत येणार नाही."

त्यांनी माझा दंड सोडला. मग म्हणाल्या, "अनारशाचं पीठ उरलंय. बांधून देऊ त्यांना?"

"द्या," मी म्हटलं.

आता माझ्या आईचं सांगते.

आईला मी एकटी. वडील लवकर गेले. दिगूदादाच्या घरामागं एक खोली होती, तिथं बसून तिनं गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले आणि मला मिरजेत नर्सिंगला घातलं. मी नर्स झाले म्हणून अमेरिकेनं मला बोलावलं, मुकुंदला नव्हे. तो तीन वर्षांनी माझ्या मागून, माझ्या कार्डाच्या जिवावर आला. हे तो कुणाला सांगत नसे.

मी आईला म्हटलं होतं, तुला नेते. दोनदा तिनं फिरायला येण्याचा व्हिसा मागितला, दोनदा खिडकीतल्या माणसानं नाही म्हटलं. एकटी विधवा, एकच मुलगी, ती तिकडं. ही परत कशाला येईल? एकच रस्ता उरला. मी नागरिक झाले असते तर आईला हक्कानं बोलावता आलं असतं. नागरिकाला आई बोलावता येते. कार्डवालीला येत नाही. मी आईला फोनवर सांगायची, थोडंच राहिलं. ती म्हणायची, "मी कुठं पळून चाललेय? शिलाई चालू आहे."

माझी पाच वर्षं भरायला आली तेव्हा मामंजींना अर्धांगवायू झाला.

"तू नर्स आहेस," मुकुंद म्हणाला. "घरात नर्स असताना बाहेरची बाई ठेवायची? लोक काय म्हणतील? दोन-तीन महिने जा. परवाना काढून देतो, कार्डाला काही होत नाही."

मी गेले. मामंजींवर माझा राग नव्हता. ते बिचारे डाव्या हातानं माझा पदर धरून रडायचे, "पोरी, तू जा आता," असं तोंड वाकडं करून म्हणायचे. पण तिकीट मुकुंद पाठवायचा होता. आज बाई मिळाली नाही. उद्या मिळाली ती चोर निघाली. दिवाळी होऊ दे. फिजिओवाला बदलू दे. मी विचारायची, "अहो, माझ्या नागरिकत्वाचं काही बिघडणार नाही ना?" तो म्हणायचा, "परवाना आहे ना तुझ्याकडं? मग गप बस."

वर्ष उलटलं. त्यानंतर महिन्याभरात त्याला बाई मिळाली. चांगली मिळाली. शेवटपर्यंत टिकली.

परत जाऊन मी अर्ज केला. मुलाखतीला गोरी बाई होती, पोटुशी. तिनं माझा पासपोर्ट दोनदा उलटला. म्हणाली, परवान्यानं तुमचं कार्ड वाचलं, पण तुम्ही वर्षाच्या वर बाहेर होता. सलग राहणं तुटलं. परत आलात त्या दिवसापासून पुन्हा मोजायचं. चार वर्षं थांबा, मग या. ती वाईट नव्हती. तिनं मला पाणी दिलं.

मी आमच्या वकीलबाईंकडं गेले. गुजराती होत्या, जयश्रीबेन. मी त्यांना म्हटलं, "मला कुणी सांगितलं कसं नाही?" त्या गोंधळल्या. "तुमच्या मिस्टरना मी स्वतः सांगितलं होतं. तुम्ही जायच्या आधी सांगितलं, आणि तुम्ही तिकडं असताना दोनदा फोन केला, की वर्ष पूरं होण्याआधी त्यांना आणा. ते म्हणाले, हो हो, तिकीट काढलंय."

मुकुंद खाली गाडीत बसला होता. मी दार लावलं आणि विचारलं. तो खोटं बोलला नाही. खोटं बोलायचेही कष्ट त्यानं घेतले नाहीत.

"नागरिक झाली असतीस तर पहिलं काय केलं असतंस तू? आईला आणलं असतंस. माझ्या घरात. कायमची." त्यानं गाडी सुरू केली. "आणि चार वर्षं उशीर झाला तर काय आभाळ कोसळतंय?"

मी आईला सांगितलं, अजून चार वर्षं. तिनं मशीन थांबवलं. मग म्हणाली, "बरं. डोळ्यांना आता दोरा दिसत नाही गं पूर्वीसारखा. पण बघू."

चारातलं एक वर्षही पुरतं गेलं नव्हतं. आई मोरीत पाय घसरून पडली. वहिनींनी दार ठोठावलं तेव्हा ती गार झाली होती. मी पोचले तेव्हा राखसुद्धा नदीत गेली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी, मार्गशीर्षात, मामंजी गेले. मुकुंदचा फोन ठेवून होताच मी त्याची बॅग भरून दिली. सगळं नीट घडी घालून भरलं. वरती सोवळ्याचं धोतर ठेवलं.

लोक मला विचारतात, तेव्हाच घटस्फोट का नाही घेतलास? घेता आला असता. तो मिरजेत जाऊन म्हणाला असता, बायको कानात वारं शिरल्यासारखी वागली, अमेरिकेनं बिघडवली. आणि पासपोर्ट घेऊन मजेत राहिला असता. एवढ्यावर मला त्याला सोडायचं नव्हतं.

मामंजी गेले त्या आठवड्यातच त्यानं मला फोनवर तो हिशोब ऐकवला होता, तिथी आधी येते, देवाचं वर्ष लहान. मी ऐकत होते आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं पुढच्या वर्षाचं पंचांग चाळत होते. श्रावण. मग भाद्रपद. मग पुन्हा भाद्रपद. मी पान मागं केलं, पुन्हा पुढं केलं. मग म्हटलं, "छान बसवलंत हो."

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. एका रविवारी सकाळी मी चहा घेऊन बसले होते आणि फोन वाजला. मिरजेत तेव्हा संध्याकाळ.

"वैजू, घोळ झालाय." त्याचा आवाज बसला होता. "गुरुजींना म्हटलं, श्राद्धाची तयारी सुरू करा. तर ते म्हणाले, एवढ्यात कशाला, अजून महिना आहे की. म्हटलं, महिना कसला? म्हणाले, मधे अधिक पडला ना. यंदाचं वर्ष तेरा महिन्यांचं."

"मग?"

"मग म्हणजे? तिथी तारखेच्या आधी नाही येत. नंतर येते! चांगले अडीच-तीन आठवडे नंतर! माझं वर्ष आधीच उलटून जातंय!"

"गुरुजींना म्हणावं, आधी उरकून टाका."

"म्हटलं! पाया पडलो त्यांच्या. म्हणाले, वडील ज्या तिथीला गेले ती तिथी उगवल्याशिवाय मी पिंड मांडणार नाही. आणि तो विनायक बसलाय ओसरीवर. हसत होता. त्याला माहीत होतं. सगळ्या मिरजेला माहीत होतं, वैजू! मला वाटलं अधिकाचं ते एक मासिक जास्तीचं असतं, करून टाकलं... तू त्या बेनला विचार. काहीतरी वाट असेल."

"विचारलंय."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मिस्टरना नियम चांगला ठाऊक आहे. एकदा बायकोच्या वेळी मीच समजावला होता."

पलीकडून सासूबाईंच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज आला. मालिका चालू होती.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

लग्न झाल्यापासून मी त्याला अहो म्हणत आले होते. त्या दिवशी ते माझ्या तोंडून आपोआप गळून पडलं.

"अरे मुकुंद, मी तुला सांगितलं होतं की. चांदीच्या ताटात वाढून सांगितलं. तुझे पाय धुतले, दिवा लावला, तेहतीस अनारसे पुढं ठेवले. अख्खा महिना तुझ्यासमोर मांडला मी. तू तो खाल्लास, वर पीठ बांधून घेतलंस. आणि मोजायचा विसरलास?"

"हरामखोर!"

"असेन."

"आता मी काय करू?"

"आज निघ. तिकीट बदल. वर्षाच्या आत पोचशील. फेटा विनायक बांधेल."

"लोक तोंडात शेण घालतील माझ्या. बापाचं श्राद्ध टाकून पळाला म्हणतील."

"मग थांब. दोन-तीन आठवड्यांनी काय आभाळ कोसळतंय?"

हे वाक्य त्याला ओळखीचं वाटलं. मला कळलं, कारण त्यानं श्वास आत घेतला तो बाहेर सोडलाच नाही.

तो निघाला नाही. मला माहीत होतं निघणार नाही. ज्या माणसानं आयुष्यात एकही ताट सोडलं नाही, तो फेटा कसा सोडेल? त्यानं स्वतःची समजूत घातली की कार्ड आहे, पाच वर्षं राहिलोय, बायको तिथं आहे, तिथं जाऊन हातापाया पडू. वर्षश्राद्ध झालं. फेटा बांधला. त्याचे फोटो मला सासूबाईंनी पाठवले. फेट्याखाली त्याचं तोंड घामेजलेलं होतं.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं त्याचं कार्ड पाहिलं, पासपोर्टवरचा शिक्का पाहिला आणि विचारलं, "सर, वर्षाच्या वर झालं ना? परवाना आहे?" त्यानं तिला तिथीचं सांगायला सुरुवात केली. आपल्यात तिथी असते, त्यात अधिक असतो. मागं रांग खोळंबली होती. त्याची बॅग पट्ट्यावरून परत आली. पुढं वकिलातीतही त्यानं खेटे घातले. तिथं एकच विचारत होते, कुणी अडवून ठेवलं होतं तुम्हाला? आजार? तुरुंग? काय सांगणार? फेटा?

दोन वर्षांनी माझी चार वर्षं भरली. मी हात वर करून शपथ घेतली. शेजारी एक फिलिपिनो बाई होती, तिची आई खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होती. मी तिच्याकडं पाहायचं टाळलं. बाहेर पार्किंगमध्ये आले तोवर मुकुंदचा फोन.

"झालीस ना नागरिक?" आवाज गोड होता. मिठ्ठास. "अभिनंदन हं, वैजू. बरं, मी चौकशी केलीय. नागरिक बायको नवऱ्याला बोलावू शकते. फार वेळ लागत नाही म्हणे. तू फक्त सही करायचीस."

"हो. बोलावू शकते."

"मग?"

"मुकुंद, मला एकाच माणसाला बोलवायचं होतं."

"झालं गेलं ते... अगं, मी इथं काय करतोय माहीत आहे का? वर्षातनं एकदा पालखीला खांदा देतो. बाकी दिवस आई टीव्ही बघते आणि विनायक येऊन विचारतो, अमेरिकेला कधी? किती दिवस असं काढायचं मी?"

"पुढच्या खांद्याला ओझं जास्त येतं म्हणतात," मी म्हटलं. "पंचा घडी करून घालत जा."

त्याच महिन्यात मी घटस्फोटाचे कागद पाठवले. त्यावर मात्र त्यानं लगेच सही केली.

आता या सगळ्याला बरीच वर्षं झाली. मुकुंद मिरजेतच आहे. अधिक महिना येतो तसा येतोच. आला की मी दिगूदादाला फोन करते आणि सांगते, मुकुंदरावांना अनारसे पाठव. तेहतीस, जाळीचे, साजूक तुपातले. दादा शिव्या घालतो आणि पाठवतो. गेल्या खेपेला डबा तसाच परत आला. झाकणाची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती.

"आता काय करू याचं?" पद्मावहिनींनी विचारलं.

"पोरांना वाटून टाका," मी म्हटलं. "आणि डबा घासून ठेवा. महिना पुन्हा येतो."